सीलिॲक रोगाच्या निदानातील ग्लुटेन-आव्हान

रोगाची परीक्षा होण्यासाठी रोगाच्या खुणा शरीरात असाव्या लागतात. ही गोष्ट इतकी उघड आहे की, एरवी तिचा निराळा उल्लेख करण्याचे कारण पडत नाही. परंतु सीलिॲक या रोगाच्या बाबतीत एक विलक्षण परिस्थिती उद्भवते. गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे हा रोग बळावतो, आणि ती धान्ये वर्ज्य केली म्हणजे तो ओसरतो. त्याबरोबरच त्याच्या खुणाही हळूहळू पुसल्या जातात. म्हणून ज्या मनुष्याने वैद्यकीय परीक्षेपूर्वीच गहू सोडला व ज्यास त्यामुळे बरे वाटू लागले, त्याच्या बाबतीत पुढे परीक्षा करूनही काही निष्पन्न होत नाही. रक्त निर्दोष आढळते, आतड्याचे अस्तरही निर्दोष आढळते. परंतु तो निरोगी असल्यामुळे असे आढळते, की पथ्यामुळे, याचा उलगडा त्यावरून होऊ शकत नाही. हा उलगडा करण्यासाठी त्यास काही काळ ग्लुटेनयुक्त अन्न पुन्हा खावयास सांगून नंतर परीक्षा करावी लागते. या विधीस वैद्यकात ग्लुटेन-आव्हान असे म्हणतात. त्याचे स्वरूप, त्यामागील शास्त्र आणि त्याच्या मर्यादा यांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘सीलिॲक’ हा शब्द पोट अथवा उदरपोकळी या अर्थाच्या ‘कॉइलिआ’ या ग्रीक शब्दापासून आला असून, प्राचीन काळी कॅपाडोशियाचा वैद्य अरेटिअस याने दीर्घकालीन अतिसाराच्या एका प्रकारास उद्देशून त्याचा उपयोग केला होता. ‘ग्लुटेन’ हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ सरस किंवा खळ असा आहे. बोलोन्या येथील बेक्कारी याने गव्हाचे पीठ पाण्याखाली धुऊन त्यातून एक चिकट गोळा वेगळा केला व १७२८ साली तेथील विद्वत्सभेपुढे त्याचे वर्णन केले. त्याचा निबंध १७४५ मध्ये छापला गेला. कणकेस जो चिवटपणा असतो, ज्यामुळे पोळी पातळ लाटता येते व पाव फुगतो, तो या द्रव्यामुळे होय.

मराठीत या द्रव्यास ‘चीक’ हा शब्द योजावा असे कोणास सुचणे स्वाभाविक आहे. परंतु तसे करणे घातक ठरेल. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून व गाळून जो चीक काढतात, तो मुख्यतः पिष्ट पदार्थ असतो. चिवट प्रथिनाचा बराचसा भाग कोंड्याबरोबर चोथ्यात राहतो. म्हणजे मराठी गृहिणीचा चीक आणि रसायनशास्त्रज्ञाचे ग्लुटेन या भिन्न वस्तू आहेत. तथापि घरगुती रीतीने काढलेल्या चिकात ग्लुटेनचा अंश उरतोच, आणि म्हणून तोही या रोग्यास वर्ज्यच होय. अशा स्थितीत ‘ग्लुटेन’ हा परकी शब्दच कायम ठेवणे श्रेयस्कर. दुसरी संज्ञा ‘आव्हान’. ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ या दोन शब्दांची वृत्तपत्रांतून नेहमी गल्लत होते. पहिल्याचा अर्थ येण्याची विनंती करणे, बोलावणे. दुसऱ्याचा अर्थ सामर्थ्याच्या कसोटीसाठी ललकारणे. येथे शरीराच्या संरक्षणयंत्रणेस ललकारून तिची प्रतिक्रिया पाहावयाची असते, म्हणून आव्हान हाच शब्द योग्य.

आता रोगाच्या स्वरूपाकडे वळू. लघ्वांत्राच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांस रसांकुर म्हणतात. त्यांच्यामुळे अस्तराचे क्षेत्रफळ पुष्कळ वाढते व अन्नरस शोषला जातो. सीलिॲक रोगात हे रसांकुर आखूड होत होत नाहीसे होतात, त्यांच्या तळाशी असणाऱ्या खाचा खोल होतात, आणि अस्तरात लसीकापेशींची गर्दी होते. या बिघाडाच्या पायऱ्यांचे जे वर्गीकरण आज प्रचलित आहे, ते मार्श या ब्रिटिश संशोधकाच्या १९९२ मधील विवेचनावर आधारलेले आहे. रसांकुर नष्ट झाल्यामुळे लोह, फॉलिक आम्ल, चुना, स्निग्ध पदार्थ इत्यादींचे शोषण नीट होत नाही. त्यातून अतिसार, पांडुरोग, हाडांचा ठिसूळपणा, मुलांची खुंटलेली वाढ अशी नाना लक्षणे उद्भवतात; काही रोग्यांत तर पोटाची तक्रार मुळीच नसते.

हे का घडते, याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. ग्लुटेनमध्ये, विशेषतः त्यातील ग्लायडिन या भागात, प्रोलीन व ग्लुटामीन ही ॲमिनो आम्ले विपुल असतात. प्रोलीनच्या वैपुल्यामुळे पाचक रसांना त्याचे पूर्ण विघटन करता येत नाही व त्याचे लांब तुकडे शिल्लक राहतात. तेहतीस ॲमिनो आम्लांचा असा एक अत्यंत टिकाऊ तुकडा २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी वर्णिला. हे तुकडे सर्वांच्याच आतड्यात तयार होतात. परंतु ज्यांच्या शरीरात डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या नावांची विशिष्ट आनुवंशिक प्रथिने आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत पुढील अनर्थ घडतो. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर त्या तुकड्यांतील काही ग्लुटामीनचे ग्लुटामिक आम्लात रूपांतर करते; त्यामुळे ते तुकडे वरील प्रथिनांना अधिक घट्ट चिकटतात; संरक्षक लसीकापेशी त्यांना शत्रू समजून चेततात आणि त्या धुमश्चक्रीत आतड्याचे अस्तरच उद्ध्वस्त होते. याच वेळी शरीर खुद्द ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण करू लागते. जर्मनीतील संशोधकांनी १९९७ साली हे ओळखले, आणि त्यामुळे आज प्रचलित असलेली रक्तपरीक्षा शक्य झाली. ही प्रतिपिंडे ग्लुटेन पोटात जात असेपर्यंत तयार होतात. ते बंद झाले की काही महिन्यांत त्यांचे प्रमाण उतरते. अस्तर भरून येण्यास प्रौढांत बहुधा अधिक काळ, कधी कधी वर्षानुवर्षे, लागतो.

ग्लुटेन-आव्हानाचा इतिहास या सर्व ज्ञानाहून जुना आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. लंडनमधील सॅम्युएल जी या वैद्याने १८८७ साली मुलांतील या रोगाचे जे व्याख्यान दिले, त्यात रोग बरा होणे असेल तर तो आहारानेच होईल असे प्रतिपादन केले होते. पिठूळ पदार्थ कमी द्यावेत असे त्याचे मत होते. परंतु पातळ कापून भाजलेला पाव देण्यास त्याची हरकत नव्हती. अमेरिकेत सिडनी हास याने १९२४ मध्ये केळ्यांच्या आहाराचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्या आहारात धान्ये वर्ज्य असल्यामुळे मुले सुधारत, पण श्रेय केळ्यांना मिळे. उपचाराने गुण येतो, एवढ्यावरून रोगाचे कारण कळत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

कारण शोधावयाचे, तर संशयित पदार्थ काढून घेणे पुरेसे नाही. तो परत देऊन काय होते तेही पाहिले पाहिजे. हे काम हेग येथील मुलांच्या रुग्णालयातील विलेम डिके या डच वैद्याने केले. गव्हाविषयी त्याचा संशय १९३० नंतरच्या दशकातच बळावला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि अशा काळातही या रोगाची मुले उलट सुधारलेली दिसली; तेव्हा त्या संशयास पुष्टी मिळाली. त्यानंतर डिकेने गहू काढून घेणे, तो पुन्हा देणे व मुलांच्या विष्ठेतील चरबीचे मोजमाप करणे असे पद्धतशीर प्रयोग केले. त्याचा प्रबंध १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठास सादर झाला. व्हान दे कामेर व वायर्स या सहकाऱ्यांसह पुढे झालेल्या कामातून, दोष पिष्टात नसून गव्हाच्या प्रथिनातील अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या भागात, म्हणजे ग्लायडिनमध्ये, आहे असे दिसून आले. आज ज्यास ग्लुटेन-आव्हान म्हणतात, त्याचेच हे पहिले रूप म्हणावयास हरकत नाही.

पुढे आतड्याच्या अस्तराचा तुकडा तोंडावाटे नळी घालून काढता येऊ लागला. १९५० ते १९६० या दशकात मार्गो शायनर, क्रॉस्बी इत्यादींनी यासाठी उपकरणे सिद्ध केली, आणि निदानाचा आधार लक्षणांवरून ऊतकाकडे सरकला. १९६९ साली स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे युरोपातील बालजठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे जे निकष ठरविले, त्यांत तीन ऊतकपरीक्षा अपेक्षित होत्या: पहिली ग्लुटेन चालू असताना, दुसरी ते वर्ज्य केल्यावर अस्तर सुधारले हे दाखविण्यासाठी, आणि तिसरी ग्लुटेन पुन्हा दिल्यावर अस्तर परत बिघडले हे दाखविण्यासाठी. म्हणजे त्या काळी आव्हान हे प्रत्येक मुलाच्या निदानाचे अंगच होते. तर्कदृष्ट्या ही पद्धती निर्दोष होती. परंतु बऱ्या झालेल्या मुलास जाणूनबुजून पुन्हा आजारी करणे पालकांना व वैद्यांनाही जड जाई. प्रतिपिंडांच्या परीक्षा उपलब्ध झाल्यावर १९९० मध्ये हे निकष सैल करण्यात आले, आणि आव्हान संशयास्पद प्रकरणांपुरते राहिले. २०१२ मध्ये त्याच संस्थेने, ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे प्राकृत मर्यादेच्या दसपटीहून अधिक असल्यास व इतर विशिष्ट अटी पुऱ्या होत असल्यास, मुलांमध्ये ऊतकपरीक्षेवाचूनही निदान मान्य करण्याची मुभा दिली. २०२० मध्ये त्या अटी आणखी सुटसुटीत झाल्या.

असे असूनही आव्हानाची आवश्यकता संपलेली नाही. उलट, ज्या रोग्यांना त्याची गरज पडते अशांचा एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. वैद्याच्या सल्ल्यावाचून, किंवा रक्तपरीक्षेच्या अगोदरच, गहू सोडणाऱ्यांचा हा वर्ग होय. त्यांच्यापुढे तीन शक्यता असतात. त्यांना सीलिॲक रोग असेल. गव्हाची ॲलर्जी असेल. अथवा त्रास गव्हामुळेच होत असूनही त्याचे कारण ग्लुटेन नसेल. तिसरी शक्यता काल्पनिक नव्हे. नॉर्वेमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सीलिॲक रोग नसूनही ग्लुटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या ५९ व्यक्तींना ग्लुटेन, फ्रुक्टान ही गव्हातीलच एक शर्करा, आणि निरुपद्रवी पदार्थ अशा तीन प्रकारच्या वड्या प्रत्येकी सात दिवस, कोणती वडी कोणती हे न सांगता, देण्यात आल्या. १३ जणांना सर्वांत अधिक त्रास ग्लुटेनने, २४ जणांना फ्रुक्टानने, आणि २२ जणांना चक्क निरुपद्रवी वडीने झाला. यावरून हे स्पष्ट व्हावे की, गहू खाल्ल्यावर पोट दुखले एवढ्यावरून सीलिॲक रोग सिद्ध होत नाही. आणि गहू खाऊन पोट दुखले नाही म्हणून तो नाही असेही ठरत नाही. आव्हानात निर्णायक असतात ती प्रतिपिंडे व अस्तराचे सूक्ष्मदर्शकाखालील रूप. रोग्याच्या संवेदना नव्हेत.

आव्हानाकडे वळण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करून घेणे शहाणपणाचे असते. वर उल्लेखिलेली डीक्यू-२ व डीक्यू-८ ही प्रथिने आनुवंशिक असल्यामुळे आहाराचा त्यांवर परिणाम होत नाही. गहू सोडलेल्या मनुष्यातही त्यांची तपासणी करता येते. ती दोन्ही नसतील, तर सीलिॲक रोग असण्याचा संभव जवळजवळ नाहीसा होतो व आव्हानाचे कष्ट वाचतात. परंतु ती असली म्हणून रोग आहे असे मात्र म्हणता येत नाही. अनेक देशांत तीस ते चाळीस टक्के लोकांत ती आढळतात, आणि रोग साधारणतः शंभरात एकाला होतो. नकारार्थी उत्तर निर्णायक, होकारार्थी उत्तर अनिर्णायक, असा या परीक्षेचा गुण आहे.

यानंतर प्रश्न उरतो तो मात्रेचा व मुदतीचा. पूर्वी पुष्कळ ग्लुटेन दीर्घकाळ खावयास सांगत, आणि रोगी मध्येच थकून सोडून देत. बॉस्टन येथील लेफ्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीलिॲक रोग सिद्ध झालेल्या व पथ्यावर असलेल्या २० प्रौढांना दररोज ३ ग्रॅम किंवा ७.५ ग्रॅम ग्लुटेन चौदा दिवस देण्यात आले. दोन आठवड्यांत सुमारे दोनतृतीयांश व्यक्तींच्या अस्तरात निदानास पुरेसा बिघाड दिसून आला, आणि दोन्ही मात्रांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रतिपिंडे मात्र चौदाव्या दिवशी थोडीच वाढलेली होती. आव्हान थांबवूनही अठ्ठाविसाव्या दिवशी ती पुष्कळ चढलेली आढळली. याचा अर्थ असा की, रक्त हे ऊतकाच्या मागून बोलते. आव्हान संपताच केलेली रक्तपरीक्षा निर्दोष आली, तर तीवर विसंबून राहता येत नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकन मार्गदर्शिकेत दररोज ३ ग्रॅम ग्लुटेन दोन आठवडे, आणि सोसत असल्यास आठ आठवड्यांपर्यंत, असा क्रम सुचविला गेला. इंग्लंडमधील २०१५ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत परीक्षेपूर्वी किमान सहा आठवडे, दररोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असावे असे सांगितले आहे. मुदत जितकी कमी, तितका खोट्या नकाराचा धोका अधिक. मुदत जितकी अधिक, तितके रोग्याचे हाल अधिक. या दोहोंमधील मेळ वैद्याने रोग्याच्या सोसण्याप्रमाणे घालावयाचा असतो.

हे ग्रॅम स्वयंपाकघरातील भाषेत सांगणे इष्ट होईल. सुमारे तीस ग्रॅम कणकेच्या एका मध्यम पोळीत अडीच ते तीन ग्रॅम, आणि पावाच्या एका कापात दोन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असते. म्हणजे दिवसास एक ते दीड पोळी ही किमान मात्रा झाली. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांत हे ग्लुटेन नसते. म्हणून भाकरी कितीही खाल्ली तरी तिचा आव्हानास उपयोग नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ज्या घरात भात व भाकरी हेच मुख्य अन्न असून पोळी केवळ सणावारी होते, तेथील मनुष्य कोणतेही पथ्य न पाळताही अल्प ग्लुटेनच्या आहारावर असू शकतो. त्याची रक्तपरीक्षा करताना आहाराची विचारपूस केली पाहिजे. उलटपक्षी, बाजारात मिळणाऱ्या मिश्र हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, आणि रवा, शेवया, मैदा हे गव्हाचेच प्रकार आहेत. म्हणून ‘पोळी सोडली’ याचा अर्थ ‘ग्लुटेन सुटले’ असा होत नाही. भारतातील प्रादेशिक भिन्नतेचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांमधील रोगाचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आनुवंशिक प्रथिनांच्या प्रमाणात इतकी तफावत नव्हती; गहू खाण्याच्या प्रमाणात मात्र मोठी तफावत होती.

आव्हान घरच्या घरी, स्वतःच्या मताने करावयाची गोष्ट नव्हे. आरंभी रक्ताचा नमुना घेऊन ठेवावा लागतो, त्रास असह्य झाल्यास परीक्षा अलीकडे ओढावी लागते, आणि ऊतकाचे तुकडे लघ्वांत्राच्या आरंभीच्या भागातून निरनिराळ्या ठिकाणांहून अनेक घ्यावे लागतात. कारण बिघाड सर्वत्र सारखा नसतो. काही व्यक्तींच्या रक्तात आयजीए या प्रकारची प्रतिपिंडे जन्मतःच कमी असतात. त्यांची नेहमीची परीक्षा फसते, म्हणून त्या द्रव्याचे एकूण प्रमाणही पाहावे लागते. पाच वर्षांखालील मुले व वयात येण्याच्या काळातील झपाट्याने वाढणारी मुले यांना आव्हान देऊ नये असा युरोपीय तज्ज्ञांचा सल्ला आहे. वाढीचे जे नुकसान त्या वयात होईल ते नंतर भरून निघेलच असे नाही. गव्हाच्या ॲलर्जीची शंका असल्यास तर आव्हानाचा मार्ग प्रथम बंद करून तिचीच तपासणी करावयास हवी.

मग इतके कष्ट कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. गहू सोडून बरे वाटते, तर तो सोडूनच राहावे. निदानाच्या नावाची गरज काय? याचे उत्तर असे आहे की, दोन निदानांतून दोन निरनिराळी आयुष्ये निष्पन्न होतात. सीलिॲक रोग असेल, तर पथ्य जन्मभर व काटेकोर पाळावयाचे असते, लक्षणे असोत वा नसोत. हाडांची घनता व रक्तातील लोह यांवर लक्ष ठेवावे लागते. आणि आईबाप, भावंडे व मुले यांचीही तपासणी करावी लागते, कारण त्यांच्यात रोगाचे प्रमाण सामान्य लोकांहून बरेच अधिक असते. तो नसेल, तर एखाद्या प्रसंगी पोळी खाल्ल्याने आतड्यास इजा होत नाही, आणि लग्नकार्यात, प्रवासात, परक्या घरी दर घासास विचारत बसण्याचे ओझे त्या मनुष्याने व्यर्थ वाहण्याचे कारण नाही. अनिश्चित निदानाने पहिल्या प्रकारचा मनुष्य गाफील राहतो, आणि दुसऱ्या प्रकारचा मनुष्य विनाकारण बांधला जातो. तथापि सर्व समजून घेऊनही एखाद्याने आव्हान नाकारले व सीलिॲक रोग्याप्रमाणेच काटेकोर पथ्य पाळावयाचे ठरविले, तर तोही मान्य होण्यासारखा निर्णय आहे. अशा रोग्याची पुढील देखरेख सिद्ध रोग्याप्रमाणेच करावी.

आव्हानाचा काळ कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पथ्यावर असलेल्या सीलिॲक रोग्यास ग्लुटेनचा एकच घोट दिला तरी काही तासांतच रक्तातील इंटरल्यूकिन-२ हे द्रव्य वाढते व चौथ्या तासाच्या सुमारास ते शिखरास पोहोचते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्याच दिशेने पुढे जाऊन रोग्यास काहीही खावयास न लावता, त्याचे रक्त नळीत घेऊन त्यातच ग्लुटेनचे तुकडे मिसळावयाचे व ते द्रव्य मोजावयाचे, अशी पद्धतीही अभ्यासिली जात आहे. ती सर्वत्र उपलब्ध झाल्यास ललकारी रोग्याच्या आतड्यास न देता त्याच्या रक्ताच्या काही थेंबांना देता येईल. तोपर्यंत सर्वांत सोपा उपाय हाच की, गव्हाविषयी शंका आल्यास तो सोडण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. एवढी एक गोष्ट क्रमाने केली, तर बहुसंख्य लोकांवर आव्हानाचा प्रसंगच येणार नाही.